वेल्सच्या गोष्टींना परीकथा म्हणू नका

प्रति,
मराठी प्रकाशक, दिवाळी अंकांचे संपादक आणि अनुवादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची कुडाळजवळच्या एका वाडीतली. बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन वेल्सला आले आणि अबरिस्टविथ या समुद्राकाठच्या लहानशा शहरात राहिले. पहिली दोन वर्षं वाटायचं, इंग्रजी येतं तेवढं पुरे. पण दवाखान्यात, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी बायका आपसात जी भाषा बोलायच्या ती कानावर पडून पडून मला राहवेना. संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. आज वेल्श कादंबरी शब्दकोश शेजारी ठेवून, पण सलग वाचते. हे पत्र त्या वाचनातून आलंय. थोडं रागातूनही आलंय.

राग कशाचा ते आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला मी लेख पाठवला होता. वेल्समध्ये आज लिहिल्या जाणाऱ्या कथा-कादंबऱ्या आणि त्यांच्यात वावरणाऱ्या जुन्या लोककथा, हा विषय. त्यात ब्रानवेनची गोष्ट होती. अंक हाती आला तर लेख बालविभागात. वर पंखवाल्या परीचं चित्र. ब्रानवेनचं नाव बदलून वनमाला केलेलं. आणि मी सगळ्यात जीव लावून लिहिलेला परिच्छेद गाळलेला. फोन केला तर उत्तर मिळालं, "ताई, मारहाणीचा भाग मुलांना नको वाटला." पुढे एका प्रकाशकांकडे अनुवादाचा विचार घेऊन गेले. त्यांनी चहा दिला, आपुलकीनं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लोककथा एक तर पोरांसाठी, नाहीतर अभ्यासकांसाठी. मधला वाचक कुठून आणू?" दोघांचीही नावं लिहीत नाही. हा समज त्या दोघांपुरता असता तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

गाळलेला परिच्छेद पुन्हा लिहिते.

ब्रिटन बेटाचा राजा ब्रान. त्याची बहीण ब्रानवेन आयर्लंडच्या राजाला दिली. लग्नाच्या वेळी तिच्या एका सावत्र भावानं पाहुण्यांच्या घोड्यांची विटंबना केली. भरपाई देऊन प्रकरण मिटवलं. सासरी पहिलं वर्ष कौतुकात गेलं, मुलगा झाला, आणि मग लोकांना तो जुना अपमान आठवला. राजाच्या पलंगावरून ब्रानवेनला उठवून स्वयंपाकघरात धाडलं. रोज मांस तोडून झालं की खाटीक यायचा आणि त्याच हातानं तिच्या कानशिलात द्यायचा. अशी तीन वर्षं. या तीन वर्षांत तिनं एक केलं. पीठ मळायच्या काठवटीच्या कडेला मैनेच्या कुळातलं एक पाखरू पाळलं, त्याला बोलायला शिकवलं, भाऊ कसा दिसतो ते त्याला समजावलं, आणि पंखाखाली चिठ्ठी बांधून त्याला समुद्रापार सोडलं.

आता मला सांगा, ही परीकथा आहे? आपल्या जात्यावरच्या ओव्यांत पाखराच्या हाती माहेरी निरोप धाडणारी लेक आहेच. भोंडल्यातला कारल्याचा वेल आहे, सासूची परवानगी मिळता मिळत नाही आणि दिवस सरत जातात. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या किती सासुरवासाच्या आहेत ते त्या वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. माझी आजी निरक्षर होती. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा तिला ब्रानवेनची गोष्ट मालवणीत सांगितली. काठवटीपाशी येताच तिनं हातातलं काम थांबवलं आणि विचारलं, "भावाक पोचली चिठ्ठी?" तिला पुढचं ऐकायचं होतं. या बेटांवरची नावं, राजे, काळ, यातलं काही तिनं विचारलं नाही.

पोचली. पण भाऊ आला तो सैन्य घेऊन. लढाईत दोन्हीकडची माणसं मेली, ब्रानवेनचं मूल आगीत गेलं आणि आपल्यापायी दोन चांगली बेटं उजाड झाली या दुःखानं ती वेल्सच्या अँगलसी बेटावर आलाउ नदीच्या काठी मेली. वेल्सचे फक्त सात जण परतले.

ही कथा 'माबिनोगिअन'मधली. एकूण अकरा कथांचा हा संच दोन मोठ्या मध्ययुगीन हस्तलिखितांत टिकला. त्यातलं १३५०च्या आसपासचं 'ऱ्हदर्खचं पांढरं पुस्तक' आमच्याच शहरात टेकडीवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. दुसरं, 'हेरगेस्टचं लाल पुस्तक', ऑक्सफर्डला. १८३८पासून शार्लट गेस्ट या बाईंनी या कथा इंग्रजीत आणल्या आणि जगाला त्या ठाऊक झाल्या. यापुढचा इतिहास तुम्ही कुठेही वाचाल. मला बोलायचंय ते आजच्या लेखकांबद्दल.

२००९ ते २०१३ या काळात सेरेन या वेल्समधल्या प्रकाशनसंस्थेनं दहा लेखकांना माबिनोगिअनमधल्या कथा वाटून दिल्या आणि आजच्या गद्यात त्या हव्या तशा लिहायला सांगितल्या. दहा छोट्या कादंबऱ्या झाल्या. दहाही सारख्या उतरलेल्या नाहीत. काहींत लेखक कथेला जुंपल्यासारखा वाटतो, काहींत कथा लेखकाला हुकते. पण ज्या जमल्या आहेत त्या वाचून मी रात्रभर जागी राहिले आहे.

ओवेन शीअर्सची 'व्हाइट रेव्हन्स' घ्या. तिच्यात ब्रानवेन आहेच, पण गोष्ट सुरू होते एका शेतकऱ्याच्या मुलीपासून. लाळ्या-खुरकुताच्या साथीनं घर मोडलंय आणि भाऊ वाईट मार्गाला लागलेत. २००१ साली ब्रिटनमध्ये ती साथ आली तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारून टाकली गेली. कुरणांत पेटलेल्या ढिगांचे फोटो इथे अजून कुणी भिंतीवर लावत नाही, पण विसरतही नाही. कर्जात आणि रोगात शेती गेलेल्या घरातले भाऊ कसे होतात आणि बहिणीच्या वाट्याला काय येतं, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. शीअर्सनं मध्ययुगातली कानशिलात बसलेली ती चापट आजच्या गोठ्यात ऐकवली. यात पंख कुठे आहेत?

दुसरं पुस्तक फ्लिर दाविद यांचं, 'द व्हाइट ट्रेल'. मूळ कथेत गोलेइदिद नावाची राणी गरोदरपणी वेडी होऊन रानोमाळ हिंडते. डुकरांच्या कळपापाशी आल्यावर भीतीनं तिची शुद्ध परत येते आणि तिथेच ती बाळंत होते. मुलाचं नाव त्या डुकरांच्या वाटेवरून पडतं. फ्लिर दाविद यांच्या कादंबरीत थंडीतली दुपार आहे, सुपरमार्केट आहे, दिवस भरत आलेली बायको आणि तिचा नवरा आहे. तो वळून बघतो तर ती नाही. दुकान तेच, माणसं तीच, बायको नाही.

मी हे पान वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात जो शब्द आला तो इंग्रजीत नव्हता. चकवा. कोकणात आपल्या पायाखालच्या वाटेवर, आपल्याच आंबराईत माणूस तासन् तास फिरतो आणि त्याला घर सापडत नाही. सकाळी सांगतो, चकवा लागला. ऐकणारा म्हणतो, बस, पाणी पी. इथे तो चकवा दूध-पावाच्या रांगेत लागला. इंग्रजी समीक्षक असल्या लिखाणाला जादूई वास्तववाद वगैरे म्हणतात. मला त्या शब्दाशी भांडायचं नाही, पण आपल्याकडे त्याची गरज पडत नाही.

हे जरा नीट मांडते, कारण माझ्या सगळ्या सांगण्याचा गाभा इथे आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. लोक त्याला केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून चपलांचे तळ झिजतात. ही गोष्ट आमच्याकडे कुणी डोळे मोठे करून सांगत नाही. पावसाला उशीर झाला, तिठ्यावरचा पूल दुरुस्तीला घेतला, वेतोबाच्या चपला झिजल्या, हे सगळं एकाच सुरात सांगितलं जातं. आजच्या चांगल्या वेल्श कथेचा सूर नेमका हा आहे. अद्भुत गोष्ट बातमीसारखी सांगायची, आवाज न चढवता. ब्रिटिश इंग्रजीला हा सूर शोधावा लागतो, कारण तिथे अद्भुत गोष्ट एक तर मुलांच्या कपाटात जाते, नाहीतर भयकथांच्या. मराठीकडे तो तयार आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी, दशावताराच्या रंगमंचानं, गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकऱ्यांनी तो वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. म्हणून मला मनापासून वाटतं की या पुस्तकांचा मराठी अनुवाद इंग्रजीतल्यापेक्षा सरस होऊ शकतो.

बोर्थचं एक सांगते. आमच्यापासून दहाएक किलोमीटर उत्तरेला हे किनाऱ्यावरचं गाव. ओहोटीला, विशेषतः वादळानंतर, वाळूतून झाडांचे बुंधे वर येतात. ओक, पाइन, भूर्ज, अल्डर. चार-साडेचार हजार वर्षांपासून सहा हजार वर्षांपर्यंत जुने. काळे, भिजलेले, बोटानं दाबलं तर मऊ. या किनाऱ्याला जोडून कांत्रेर ग्वायलोदची कथा आहे. समुद्राच्या जागी सुपीक राज्य होतं, बांधाच्या दरवाज्यांची राखण करणारा सेइथेनिन दारू पिऊन पडला, दरवाजे उघडे राहिले आणि रातोरात सगळं पाण्याखाली गेलं. तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात असलेल्या याहून जुन्या कवितेत दोष मेरेरिद नावाच्या मुलीवर आहे. पुढे तो दारुड्या पुरुषावर आला. कोण कधी दोषी ठरतं, हेही लोककथेत वाचता येतं.

आमच्या शेजारच्या मामगी (इथे दक्षिणेकडे आजीला मामगी म्हणतात) एकदा आमच्याबरोबर बोर्थला आल्या होत्या. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, बुंध्यावर चढून उड्या मारत होता. मामगी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, वारा पडला की संध्याकाळी खालच्या देवळाच्या घंटा ऐकू येतात. आणि त्याच दमात, त्याच आवाजात म्हणाल्या, त्याला टोपी घाल, कान गार पडलेत. घंटा आणि टोपी यांच्यात त्यांनी श्वासाचंही अंतर ठेवलं नाही. हे अंतर न ठेवणं अनुवादात जपायचंय. अनुवादक 'एक प्राचीन दंतकथा आहे की' असं लिहायला गेला की कथा मेली.

पाण्याखालच्या गावाची कथा वेल्समध्ये नुसती दंतकथाही राहिलेली नाही. १९६५ साली लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी त्रवेरिनचं खोरं बुडवलं. कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव, त्याची शाळा, पोस्ट, चॅपल, दफनभूमी, सगळं धरणात गेलं. संसदेत वेल्सच्या एकाही खासदारानं त्या कायद्याच्या बाजूनं मत दिलं नव्हतं, तरी कायदा झाला. आमच्याकडून दक्षिणेला जाताना ह्लानऱ्हस्तिद गावाजवळ एका पडक्या घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'कोविउख द्रवेरिन'. त्रवेरिन विसरू नका. भिंत मोडली, रंग फासला, लोक पुन्हा लिहितात. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, तेव्हा ज्यांची गावं त्या पाण्यात गेली त्या माणसांना हे वाक्य भाषांतर न करताही कळेल. मुळशी, कोयना, उजनी, सरदार सरोवर. मराठीत बुडालेल्या गावांचं दुःख आहे आणि ते बहुतेक वेळा अहवालासारखं किंवा मोर्च्यासारखं लिहिलं गेलं. वेल्श लेखकाला मात्र ते लिहिताना मागे घंटांचा आवाज असतोच, तो काढून टाकता येत नाही. आपल्या लेखकांनी हे वाचावं असं मला वाटण्याचं हे एक कारण.

वरच्या ओळींत तुम्ही पाहिलं असेल, खोरं त्रवेरिनचं आणि भिंतीवर द्रवेरिन. छापताना झालेली चूक नाही ती. वेल्शमध्ये वाक्यातल्या जागेप्रमाणे शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. संपादकांना हे विचित्र वाटतं आणि ते सगळीकडे एकच रूप करून टाकतात. पण आपण नाही का घोडा म्हणतो आणि घोड्याला? पाणी आणि पाण्यात? आपलं सामान्यरूप शब्दाच्या शेपटाकडे होतं, त्यांचं डोक्याकडे. मराठी वाचकाला हे एका टिपेत समजेल.

नावांचं दुखणं मोठं आहे. फुलांपासून घडवलेल्या बाईचं नाव ब्लोदेइवेद. ओक, ब्रूम आणि मेडोस्वीट यांच्या फुलांतून दोन जादूगारांनी तिला घडवलं, कारण एका पुरुषाला माणसाची बायको करायला शापानं बंदी होती. तिला कुणी विचारलं नाही. तिनं दुसऱ्यावर प्रेम केलं, नवऱ्याला मारायचा कट केला आणि शिक्षा म्हणून तिचं घुबड झालं. हिला मराठीत 'फुलराणी' केलं की काय उरतं? घुबडाचं काय करणार मग? माझी विनंती आहे की ब्लोदेइवेदला ब्लोदेइवेद राहू द्या. रशियन कादंबऱ्यांतली लांबलचक नावं तोंडपाठ केलेला वाचक आहे आपला, तो अडखळणार नाही.

तसंच लोककथांतल्या तलविथ तेगचं. इंग्रजीत त्यांना 'फेअरी' म्हणून टाकलं आणि आपण त्यावरून 'परी' केलं. शब्दशः अर्थ होतो देखण्यांचं कूळ. काही भागांत त्यांना 'मातांचा आशीर्वाद' म्हणतात, कारण ज्यांचं भय वाटतं त्यांना गोड नावानं हाक मारायची. देवीचा रोग झाला की 'देवी आल्या' म्हणणारी, रात्री सापाचं नाव न घेता 'जनावर' म्हणणारी आपली माणसं. आपल्याला हे कळायला हवं होतं, इंग्रजांच्या आधी.

मी ब्लोदेइवेदचं घर बघून आलेय. वेल्सच्या उत्तरेला तोमेन अ मिर नावाचं टेकाड आहे, रोमन छावणीच्या अवशेषांत उभं. कथेत ती आणि तिचा नवरा इथे राहत. वर चढलं की मेंढ्या, पाऊस, आणि खाली तलावाच्या काठी त्राउसवनिद अणुवीजकेंद्राच्या काँक्रीटच्या दोन प्रचंड इमारती. १९६५ ते १९९१ वीज केली, आता वर्षानुवर्षं ते मोडून काढायचं काम चाललंय. आजूबाजूच्या घरांतल्या लोकांनी तिथे नोकऱ्या केल्या, निवृत्त झाले. त्याच घरांत ब्लोदेइवेदची गोष्ट मुलांना सांगितली गेली. माणसानं आपल्या हातानं घडवलेली आणि मग हाताबाहेर गेलेली गोष्ट, आणि समोर ती अणुभट्टी. त्या टेकाडावर उभं राहिल्यावर मला कळलं की इथल्या लेखकांना लोककथा 'आणावी' लागत नाही. खिडकीतून दिसते ती. ग्वेनेथ लुईस या कवयित्रीनं हीच कथा 'द मीट ट्री'मध्ये एका मोडक्या अंतराळयानात नेली आणि तरीही ती बाई तीच राहिली, दुसऱ्यांनी घडवलेली.

आता या मालिकेतलं आपल्या घरचं पुस्तक. तिशानी दोशी यांची 'फाउंटनव्हिल'. दोशी मद्रासच्या, आई वेल्श, वडील गुजराती. माबिनोगिअनमधल्या झऱ्याच्या राणीच्या कथेत झऱ्यापाशी येऊन जो दगडावर पाणी ओततो त्याच्यावर वादळ येतं आणि झऱ्याच्या रक्षकाशी त्याला लढावं लागतं. दोशींनी हा झरा एका काल्पनिक सरहद्दीवरच्या गावात आणला आणि त्याच्या काठी उभं केलं दुसऱ्यांची मुलं पोटात वाढवणाऱ्या बायकांचं केंद्र. पुस्तक २०१३चं. भारतात पैसे घेऊन गर्भ वाढवण्यावर बंदीचा कायदा झाला २०२१मध्ये. २०१५मध्ये परदेशी जोडप्यांना मनाई होईपर्यंत ती गुजरातेतल्या आणंदपासून मुंबईपर्यंत येत होती, बायका नऊ महिने घर सोडून राहत होत्या. झऱ्याचं पाणी कुणाचं, राखण कोण करतं आणि ओतून कोण जातं, हा जुना प्रश्न दोशींनी इतक्या सहज वळवला आहे की मूळ कथा ठाऊक नसली तरी चालतं. मला हे पुस्तक मराठीत मिळालेलं नाही.

वेल्सच्या लोकसाहित्यात बाहेरून येणाऱ्या बायका फार. ह्लिन अ वान वाख या डोंगरातल्या तळ्यातून आलेली बायको, तिनं घातलेली अट, तीन विनाकारण फटके आणि तिचं परत जाणं. पुरुरवा-उर्वशी, शंतनू-गंगा आपल्याला आठवणारच. पण मला त्या कथेतलं एक चित्र सुटत नाही. जाताना ती आपली गुरं नावानं हाक मारून बोलावते. आणि सगळी येतात. नांगराला जुंपलेले बैल नांगरासकट येतात. आणि कापून आकड्याला टांगलेलं काळं वासरू खाली उतरून जिवंत होऊन मागे चालू लागतं. नांगराची ती रेघ तळ्यापर्यंत दाखवतात. नवऱ्याचं नुकसान गोठ्यातल्या जनावरांच्या हिशेबात सांगणारी ही कथा कुणा शेतकऱ्यानंच रचली असणार.

बाहेरून येणाऱ्यांची कथा कॅरिल लुईस यांनी उलटी केली. त्या मूळच्या वेल्शमध्ये लिहिणाऱ्या. २०२२च्या 'ड्रिफ्ट'मध्ये समुद्राशी काहीतरी नातं असलेली नेविन भावासोबत खाडीवरच्या झोपडीवजा घरात राहते आणि तिच्या किनाऱ्याला लागतो हामझा, नकाशे काढणारा सीरियन. जवळच लष्करी तळ आहे. जुन्या कथेत पाण्यातून बाई यायची आणि पुरुष तिला घरात ठेवायचा. इथे पाण्यातून पुरुष येतो आणि कागदपत्रं मागणारं सरकार दारात आहे. मी स्वतः व्हिसाच्या रांगेत बसलेली बाई. हे पुस्तक मी एका बैठकीत वाचू शकले नाही, दोनदा ठेवून द्यावं लागलं.

आणि शेवटी मानोन स्तेफान रोस. त्यांच्या 'ह्लिव्र ग्लास नेबो'ला २०१८ साली कार्डिफच्या राष्ट्रीय आइस्तेदवोदमध्ये, म्हणजे वेल्श भाषेच्या वार्षिक साहित्य-कला महोत्सवात, गद्याचं पदक मिळालं. त्यांनीच ते इंग्रजीत केलं आणि २०२३ साली त्या इंग्रजी पुस्तकाला कार्नेगी पदक मिळालं. अनुवादित पुस्तकाला ते पदक मिळण्याची ही पहिलीच वेळ. जगाचा शेवट झालाय, वीज नाही, माणसं नाहीत. एक आई आणि तिचा मुलगा एकाच वहीत आळीपाळीनं लिहितात. जुन्या हस्तलिखितांना काळं पुस्तक, लाल पुस्तक अशी नावं, म्हणून यांची वही निळं पुस्तक. पण 'ग्लास' म्हणजे निळा, आणि गवताला वेल्शमध्ये 'ग्लासवेह्ल्त' म्हणतात, त्यातही तोच ग्लास. माणसं संपल्यावर सगळीकडे गवत वाढत जाणाऱ्या या गोष्टीत त्या शब्दाला केवढं वजन आहे! इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याला फक्त निळा मिळेल. म्हणून म्हणते, जे वेल्शमध्ये लिहिलंय ते वेल्शमधून करा.

अशक्य वाटतं का? २०२१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे साधारण पाच लाख अडतीस हजार भरले, वेल्सच्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के. आपण २०११ला आठ कोटींच्या वर होतो आणि ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. एवढ्याशा लोकांनी १९६१पासून पुस्तकांसाठी स्वतंत्र परिषद चालवली आहे, आणि वेल्श साहित्य दुसऱ्या भाषांत जावं म्हणून अनुवादाला पैसे देणारी संस्थाही आहे. परदेशी प्रकाशकानं अर्ज करायचा असतो. आपल्याकडून कुणी चौकशी तरी करा. ब्रिटनमध्ये पसरलेल्या मराठी माणसांत माझ्यासारखे वेल्श शिकलेले काही जण असतील. एक मराठी आणि एक वेल्श माणूस शेजारी बसून ओळ न् ओळ तपासतील तर काम होईल. मी बसायला तयार आहे, मानधनाचं नंतर बघू.

आणि हे पुस्तक काढाल तेव्हा ते मोठ्यांच्या कपाटात ठेवा. २०२५ साली दिल्लीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद लोकसाहित्याच्या अभ्यासक डॉ. तारा भवाळकर यांच्याकडे होतं. त्याआधी दुर्गाबाई होत्या, रा. चिं. ढेरे होते. लोककथा गंभीरपणे वाचायला आपल्याला या सगळ्यांनी शिकवलं, आणि आपण तिच्या मुखपृष्ठावर अजून चांदण्या काढतो. प्रकाशकमित्रांनो, तुम्ही विचारलेला मधला वाचक मी पाहिला आहे. तो कुडाळच्या एसटी स्टँडवर आहे, सोलापुरात उजनीचं पाणी बघत उभा आहे, पुण्यात सुपरमार्केटच्या रांगेत आहे. त्याच्या आजीनं त्याला चकव्याची गोष्ट सांगितली आहे आणि त्याला ती अजून खरी वाटते, फक्त कुणाला सांगत नाही.

या वर्षीच्या दिवाळी अंकांची जुळवाजुळव आता सुरू झाली असेल. ज्यांना जागा देता येईल त्यांना मी ब्रानवेनवरचा तोच लेख पुन्हा पाठवते. मोठ्यांच्या पानांवर घ्या. चित्र नसलं तरी चालेल. काठवटीचा परिच्छेद मात्र गाळू नका.

आपली,
एक मराठी वाचक
अबरिस्टविथ, वेल्स